पांढऱ्या फिलिंगमध्ये पाणी कुठं मुरतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दातांबद्दल जे येतं ते बहुतेक ब्रश कसा करायचा, गोड कमी खा, सहा महिन्यांनी दाखवा असंच असतं. ते बरोबरच आहे हो, पण कीड लागून दाढ भरायची वेळ आली की त्या खुर्चीत बसून नेमकं काय बघायचं, डॉक्टरांना काय विचारायचं, हे कुणीच सांगत नाही. माझी एक चांगली दाढ त्यापायी जाता जाता वाचली म्हणून हे पत्र लिहायला बसले. थोडं लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

मी अंबडला प्लास्टिक मोल्डिंगच्या युनिटमध्ये क्वालिटीला आहे, १७ वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी माझ्या खालच्या डाव्या दाढेत मागच्या बाजूला, म्हणजे दोन दाढा एकमेकींना टेकतात तिथं, कीड निघाली. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर घरी जाता जाता एका दवाखान्यात गेले, डॉक्टरांनी विचारलं चांदी की पांढरं, मी म्हटलं पांढरं, आणि वीस मिनिटांत मोकळी झाले. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं. गालात कापसाच्या दोन वळकट्या ठेवल्या होत्या त्या अर्ध्या कामातच भिजल्या, जीभ दोनदा मध्ये आली, त्यांनी फुस्स करून हवा मारली आणि काम पुढं चालू.. हे सगळं इतकं नीट आठवतंय कारण नंतर मी ते मनात कितीतरी वेळा परत परत बघितलंय.

पहिला महिनाभर थंड पाणी लागलं की कळ यायची, आणि घास चावला की एक बारीक चमक. सांगितलं तर म्हणाले बसेल हळूहळू, आणि बसलीही. मग वर्षभरानं मिसळीतली शेव नेमकी तिथंच अडकायला लागली, दातात घालायचा दोरा उसवून बाहेर यायचा, फिलिंगच्या कडेला तपकिरी रेघ दिसायला लागली आणि सकाळी उठलं की त्या बाजूनं वास. पण दुखत नव्हतं, आणि दुखत नाही म्हणून मी अजून सात-आठ महिने काढले, ही चूक पूर्ण माझी. गेल्या पावसाळ्यात एका बारशाला जिलेबीचा तुकडा चावला आणि कळ थेट कानशिलात गेली.. तेव्हा कुठं जागी झाले.

यावेळी मैत्रिणीनं सांगितलेल्या एका एमडीएस, म्हणजे दातांच्या पदव्युत्तर शिकलेल्या, डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कळ येऊन लगेच जाते की बराच वेळ राहते? रात्री ठणका असतो का?" म्हटलं नाही, लगेच जाते. "मग नस वाचायला चान्स आहे ताई," म्हणाल्या. छोटा एक्स-रे काढला, त्यात फिलिंगच्या खाली हिरडीकडच्या बाजूला काळी सावली. आणि मग त्यांनी जुनं फिलिंग काढलं ते मी आरशात बघितलं. वरून ते एकदम चकचकीत होतं, एक तडा नाही, काही नाही. आणि खाली तळाशी, जिथं दाढ हिरडीला टेकते तिथं, दाताचा भाग चॉकलेटी, ओलसर, इतका मऊ झालेला की त्या चमच्यासारख्या बारीक हत्यारानं खरवडला की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे पापुद्रे निघत होते. वरून ओके पार्ट आणि आतून रिजेक्ट, असं आमच्याकडे निघालं तर अख्खा लॉट थांबवतात.

मी विचारलं, माल हलका होता का? त्या म्हणाल्या, "माल चांगलाच होता. कडेनं लीक झालं." आणि मग लीक का होतं ते त्यांनी मला सांगितलं, मी मोल्डिंगमधली आहे कळल्यावर तर अजून खुलून सांगितलं, आणि मला ते इतकं पटलं की नंतर मी स्वतः वाचत बसले.

मूळ कारण म्हणजे श्रिंकेज. हे पांढरं फिलिंग, कम्पोझिट म्हणतात त्याला, ते मऊ लगद्यासारखं भरतात आणि निळ्या लाईटनं कडक करतात, आणि कडक होताना ते घनफळानं साधारण २ ते ३ टक्के आकसतं. आमच्याकडे पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लास्टिकचा पार्ट दीड-दोन टक्के आकसतो, ते आकडे लांबीचे असतात आणि हे घनफळाचे, त्यामुळं तुलना करता येत नाही, पण जात एकच. आम्ही साच्यात होल्डिंग प्रेशर देऊन वरून अजून माल दाबतो म्हणून आकसलेलं भरून निघतं. दाढेत ती सोय नाही. तिथं माल चारही भिंतींना आणि तळाला चिकटलेला असतो आणि आकसताना सगळीकडून स्वतःकडे खेचतो, जिथं चिकटवण कमजोर तिथं सुटतो. सुटलेली फट केसापेक्षा बारीक असली तरी जंतूला तेवढी पुरते, लाळ आत जाते, गोड आत जातं. सुरुवातीला मला चावताना चमक यायची तीही बऱ्याचदा यामुळंच येते म्हणे, फिलिंगखालच्या पोकळीतलं पाणी दाबलं की दाताच्या आतल्या बारीक नळ्यांमधलं पाणी हलतं आणि नसेला ते कळतं.

आता कमजोर कुठं असतं? दाताचं वरचं कवच, इनॅमल, ते वजनानं जवळजवळ ९६ टक्के खनिज. १९५५ साली बुओनोकोर नावाच्या अमेरिकन डेंटिस्टनं दाखवून दिलं की इनॅमलला फॉस्फोरिक ॲसिड लावून धुतलं की ते खरखरीत होतं आणि त्यावर प्लास्टिक घट्ट धरतं, आजही तेच चालतं, ते निळं जेल लावतात ना थोडा वेळ, तेच. त्या चिकटवणीचा भरवसा आहे. पण आतल्या थरात, डेंटिनमध्ये, खनिज साधारण ७० टक्के, बाकी तंतू आणि पाणी. तिथं ॲसिड १५ सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, धुतल्यावर हवेनं पार कोरडं ठक्क करायचं नाही कारण मग ते तंतू चपटे होऊन बसतात आणि बाँड, म्हणजे फिलिंग चिकटवायचं पातळ द्रव, त्यांच्यात शिरत नाही, आणि पाणी साचलेलंही चालत नाही. म्हणजे नुसतं ओलसर चकचकीत राहिलं पाहिजे. मग बाँड घासून लावायचा, त्यातलं स्पिरिट किंवा ॲसिटोन असेल ते हळू हवेनं उडवायचं, थर हलायचा बंद झाला की लाईट. यातली एक पायरी घाईत गेली की वरून कितीही भारी कंपनीचं मटेरियल भरा, उपयोग नाही. आणि दोन दाढांच्या मधली कीड हिरडीपर्यंत गेली असेल तर तिथं इनॅमल एकदम पातळ किंवा नसतंच, माझं फिलिंग लीक झालं ते नेमकं तिथंच.

आणि सगळ्यात मोठा वैरी म्हणजे ओल. लाळ, हिरडीचं रक्त, अगदी तोंडातली वाफसुद्धा. आमच्याकडे नायलॉनचा दाणा हॉपर ड्रायरमध्ये तासन् तास सुकवतात कारण जरा ओल राहिली की पार्टवर चंदेरी रेघा येतात, मग तोंडासारख्या सदा ओल्या ठिकाणी कापसाच्या भिजलेल्या वळकटीवर भरवसा कसा ठेवायचा? बाईंनी माझ्या दाढेवर रबर डॅम लावला. एक पातळ रबराचा चौकोन, त्याला भोकं, त्यातून फक्त दोन-तीन दात बाहेर, दाढेला एक छोटी क्लिप. सुरुवातीची दोन मिनिटं गुदमरल्यासारखं झालं, नाकानं श्वास घेतला मग ठीक. आणि तो एकदा लागल्यावर ना जीभ मध्ये ना पाणी घशात. ही काही नवीन फॅशन नाही, १८६४ साली न्यूयॉर्कच्या बार्नम नावाच्या डेंटिस्टनं काढलेली गोष्ट आहे. तरी माझ्या बिल्डिंगमधल्या काकू, माझे मिस्टर, ऑफिसमधल्या चौघीजणी, कुणालाच फिलिंगच्या वेळी तो लावलेला आठवत नाही. पेशंट नको म्हणतात म्हणून डॉक्टर लावत नाहीत असंही ऐकलं. कृपया नको म्हणू नका. काही दाढांना तो बसतच नाही हे खरं, मग निदान लाळ ओढून घेणारं चांगलं सक्शन, मदतनीस आणि दर थोड्या वेळानं बदललेला कापूस तरी हवाच.

अजून एक गोष्ट जी कुणाच्या डोक्यात येत नाही पण माझ्या लगेच आली, ती म्हणजे कॉम्प्रेसर. जी हवा दातावर मारतात ती कॉम्प्रेसरमधून येते, आणि पावसाळ्यात नाशिकच्या दमट हवेत टाकीत किती पाणी जमतं हे कारखान्यातला कुणीही सांगेल. टाकी ड्रेन केली नाही, फिल्टर बदलला नाही तर सुकवायच्या हवेतूनच पाण्याचे आणि तेलाचे बारीक कण दातावर बसतात आणि बाँड तिथंच मार खातो. मी बाईंना विचारलं तर त्या हसल्या नाहीत, उलट म्हणाल्या की आमच्या दवाखान्यातला मुलगा रोज सकाळी ड्रेन करतो, आणि तेल नसलेलाच कॉम्प्रेसर घेतलाय. आरशावर हवा मारून बघतात, डाग पडला तर हवा खराब.

मग भरण्याची पद्धत. एकदम गोळा कोंबून लाईट मारला की श्रिंकेजचा सगळा ताण एकदम येतो आणि तळापर्यंत लाईट पोचत पण नाही. म्हणून साधं कम्पोझिट २ मिलिमीटरच्या थरांनी भरतात, तिरके थर, म्हणजे एका वेळी कमी भिंतींना चिकटेल असे, आणि प्रत्येक थराला वेगळा लाईट. बल्क फिल म्हणून नवीन मटेरियल आलंय त्यात ४ मिलिमीटरपर्यंत चालतं. तळाशी आधी पातळ, वाहतं कम्पोझिट लावतात, ते कानाकोपऱ्यात नीट बसतं. लाईटचं पण असंय की तो दिसायला निळा दिसला म्हणजे झालं असं नाही, जुना झाला की ताकद कमी होते, टोकावर मटेरियलचे डाग चिकटले की कमी होते, आणि दाढेच्या तळाशी तर लाईटचं टोक सहा-सात मिलिमीटर लांब असतं, अंतर वाढलं की ताकद झपाट्यानं पडते. वरचा थर दगडासारखा आणि खालचा कच्चा राहतो, आणि कच्चा थर पुढं झिरपतोच. लाईटची ताकद मोजायचा छोटा मीटर मिळतो. आमच्याकडे कॅलिब्रेशनचं स्टिकर नसलेलं गेज लाईनवर घेत नाहीत, इथं तर माणसाचा दात आहे.

माझ्या वेळी दोन दाढांमध्ये पातळ स्टीलची पट्टी, खालून लाकडी पाचर आणि वरून दाढा थोड्या फाकवणारी रिंग लावली होती. पाचर नीट बसली तरच हिरडीकडची कड बंद होते, मटेरियल खाली ओघळत नाही आणि रक्तही वर येत नाही. पट्टी काढल्यावर बाईंनी गालाकडून आणि जिभेकडून परत लाईट दिला. आणि तळाशी, जिथं इनॅमल नव्हतं, तिथं त्यांनी कम्पोझिट लावलंच नाही, आधी ग्लास आयोनोमर सिमेंटचा थर दिला आणि वर कम्पोझिट, सँडविच म्हणतात याला. ते सिमेंट १९७२ साली विल्सन आणि केंट यांनी आणलं, ते दाताला स्वतःहून रासायनिक चिकटतं, थोडी ओल सहन करतं, फ्लोराइड सोडतं. वर चावायच्या ठिकाणी ते झिजतं म्हणून तिथं कम्पोझिट. खड्डा फारच मोठा असेल तर बाहेर लॅबमध्ये इनले, म्हणजे खड्ड्याच्या मापाचा तयार तुकडा, करून आणायचा, मग आकसायचं ते बाहेरच आकसून घेतं आणि तोंडात फक्त सिमेंटची पातळ फिल्म आकसते. मोल्डिंगवाल्याला हे लगेच पटेल.

एक तास दहा मिनिटं लागली. पैसे पहिल्यापेक्षा बरेच जास्त गेले. ते मी खळखळ न करता दिले कारण यातलं एकही मिनिट फुकट गेलेलं नव्हतं.

इथं डॉक्टरांची पण बाजू सांगते. चांदी भरायला ओलीची एवढी कटकट नव्हती, आणि चांदीच्या कडेला काळानं गंजासारखा थर जमून फट आपोआप बुजत जाते, ही त्या मटेरियलची मोठी खुबी. आता तिच्यात मिसळलेल्या पाऱ्यामुळं जगभर ती मागं पडतेय, पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१३ चा, आपला देशही त्यात आहे, युरोपियन युनियननं तर १ जानेवारी २०२५ पासून ती जवळजवळ बंदच केली. म्हणजे पुढच्या पिढीच्या दाढा पांढऱ्यानंच भरल्या जाणार. आणि आपण पेशंट लोक मात्र चांदीच्या रेटमध्ये आणि चांदीच्या वेळेत पांढरं मागतो, बाहेर रिक्षा थांबवून ठेवतो, मध्येच फोन घेतो. त्यात डॉक्टरांनी किती सांभाळायचं? पण म्हणून वीस मिनिटांत उरकायचं हेही मला मान्य नाही. वेळ लागणार असेल तर लागेल सांगा, हिरडीतून रक्त येत असेल तर आज तात्पुरतं भरून आठवड्यानं बोलवा, लोक ऐकतात.

आपल्याकडून पण दोन गोष्टी पाळता येतात. घरी लवंगतेलाचा बोळा ठेवला असेल किंवा कुणी लवंगेच्या वासाचं तात्पुरतं सिमेंट भरलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, लवंगेतलं युजेनॉल कम्पोझिट नीट कडक होऊ देत नाही. आणि कडेला नुसती तपकिरी रेघ दिसली म्हणून घाबरून सगळं काढून टाकायला जाऊ नका, कधी तो चहाचाही डाग असतो, पॉलिशनं जातो किंवा तेवढाच भाग दुरुस्त होतो. मात्र दोरा उसवतोय, अन्न अडकतंय, वास येतोय असं असेल तर एक्स-रे काढून घ्या, दुखायची वाट बघू नका.

आता माझी खरी मागणी. कारखान्यात दोन रुपयांच्या झाकणालाही जॉब कार्ड असतं, कुठल्या लॉटचा दाणा, कुठलं मशीन, कुठली शिफ्ट. माझ्या पहिल्या फिलिंगची जी पावती घरात सापडली त्यावर फक्त "फिलिंग १" आणि रक्कम. कुठला दात, कुठल्या बाजूला, खाली काय लावलं, वर काय, रबर डॅम होता का, हिरडीच्या खाली गेलंय का, काही नाही. उद्या मी दुसऱ्या गावी गेले तर तिथल्या डॉक्टरला काय सांगू? माझी शहरातल्या सगळ्या डेंटिस्टना हात जोडून विनंती आहे की एवढ्या चार ओळी पेशंटला लिहून द्या. ज्यांनी काम नीट केलंय त्यांना लिहायला काहीच अडचण नाही. आणि राज्यातल्या दाताच्या डॉक्टरांना डिग्री देणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशकात आहे, म्हसरूळला, त्यांनी असं एक साधं मराठी कार्ड तयार करून दिलं तर सगळ्यांना एकसारखं होईल. आपणही आपल्या आरोग्याच्या पानावर एखाद्या जाणकार डेंटिस्टकडून हे सचित्र समजावून घ्यावं, माझ्यापेक्षा ते नक्कीच नेमकं सांगतील.

माझ्या नव्या फिलिंगला आता अकरा महिने झाले. थंड लागत नाही, दोरा कडक आवाज करून खाली उतरतो आणि अख्खा बाहेर येतो. पुढच्या शनिवारी सासूबाईंना घेऊन जायचंय, त्यांची वरची दाढ हिरडीपर्यंत किडलीय. त्यांना रबराची भीती वाटते म्हणून मी आधीच फोन करून एक तासाची वेळ घेतलीय आणि कोरा कागद सोबत नेणार आहे, त्यावर त्या चार ओळी लिहून घ्यायला.

आपली नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक